कोरी वही

मेजर स्मिथ जर्मन अधिकाऱ्याचा गणवेश चढवून गावातल्या भरलेल्या खानावळीत शिरतो आणि पकडला जात नाही, हे मला चौदाव्या वर्षी पटलं होतं. चौसष्टाव्या वर्षी, दुर्गाघाटावरच्या वाड्यात आत्याच्या शेजारी रजईत पाय घालून तोच प्रसंग बघताना काही केल्या पटेना. कारण त्याच दिवशी दुपारी मी चौखंभ्याकडून गल्लीत वळलो होतो. रस्ता दहा मिनिटांचा. डोक्याला कानटोपी, तोंडावर मफलर, बाहेर पौषातलं धुकं. म्हणजे वेषांतर स्मिथपेक्षा कणभर सरसच. तरी पहिल्या वळणावर दूधवाल्यानं विचारलं, ‘पुणे से?’ दुसऱ्या वळणावर ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी मला आधी माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली आणि मग स्वतःच दुरुस्ती केली, ‘नाही, तू धाकटा.’ वाड्याच्या दिंडीशी पोचलो तर वरच्या खिडकीतून आत्या सांगत होती, ‘कचोरी खाऊन आलायस, तर जेवायला जरा उशिरानं वाढते.’

कचोरी मी दोन वळणं मागे खाल्ली होती. उभ्या उभ्या, भिंतीकडं तोंड करून.

आत्या चौऱ्याऐंशीची आहे. गुडघ्यांमुळं गेली तीन वर्षं तिनं वाड्याचा उंबरा ओलांडलेला नाही. पण तिच्या खिडकीला एक दोरी आहे आणि दोरीला एक टोपली. सकाळी टोपली खाली जाते ती पैसे घेऊन, वर येते ती दूध, पालक आणि बातम्या घेऊन. चित्रपटात स्मिथ बर्फात बसून बिनतारी यंत्राची कळ दाबत ‘ब्रॉडस्वर्ड’ या नावानं लंडनला हाका मारतो, तेव्हा मला आता त्या यंत्राची कीव येते. त्यातून पालक येत नाही.

तर चित्रपट ‘व्हेअर ईगल्स डेअर’. साल १९६८, दिग्दर्शक ब्रायन हटन, पटकथा ॲलिस्टर मॅक्लीनची. रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवुड. दुसरं महायुद्ध चालू आहे. दुसऱ्या आघाडीचा बेत ठाऊक असलेला एक अमेरिकन जनरल जर्मनांच्या हाती लागलाय आणि आल्प्समधल्या एका गडावर त्याला ठेवलंय. गडावर जायला फक्त केबल कार. सात माणसं जर्मन गणवेशात विमानातून उड्या टाकतात, त्यांच्यामागून एक बाई गुपचूप उडी टाकते, आणि मग कळतं की जनरल हा जनरल नाहीच, तो एक नट आहे. सुटका ही सुटका नाहीच, आणि सातांपैकी जे उरलेत त्यांतले तिघं जर्मनांचे हेर आहेत. पुढं तर स्मिथ नेमका कुणाचा, हे स्मिथलाही क्षणभर आठवावं लागत असणार. हा लेख वाचून रहस्य फुटलं अशी तक्रार कुणी करू नये. अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. एवढ्या मुदतीनंतर सरकारंसुद्धा आपली कागदपत्रं खुली करतात.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो रविवारच्या मॉर्निंग शोला. त्याची हकीकत पुढं येईल. यावी अशी माझी इच्छा नव्हती, पण आली.

या वेळी बेत केला तो पुतणीनं. ती बीएचयूत भौतिकशास्त्र शिकते आणि जुन्या माणसांना जुने चित्रपट दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया बघणं हा तिचा आवडता प्रयोग आहे. माजघरात टीव्ही, त्याला तिचा लॅपटॉप जोडलेला, मधे बोरसी पेटवलेली. शेगडीला इथे बोरसीच म्हणायचं. प्रेक्षक चार: आत्या, मी, पुतणी आणि भाऊकाका. भाऊकाका डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून निवृत्त झाले. कारखान्याचं नाव बदलून आता बनारस लोकोमोटिव्ह झालंय, पण काका अजून डीएलडब्ल्यूमधूनच निवृत्त आहेत. पडद्यावर काहीही हललं की त्याचं इंजिन कुठलं, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

हेरगिरीचा चित्रपट बघायला याहून योग्य जागा मराठी माणसाला मिळायची नाही. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकात काशीत स्थायिक झाले आणि १७४०च्या सुमारास त्यांनी हा घाट आणि शेजारचा ब्रह्माघाट बांधवला. त्यांच्यामागून मराठी घरं आली ती आजतागायत आहेत. खाली ब्रह्मचारिणीचं देऊळ, एका अंगाला पंचगंगा, आणि हाकेच्या अंतरावर नाना फडणविसांचा वाडा. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, जिथं जिथं दरबार भरे तिथं तिथं नानांचे वकील आणि अखबारनवीस कान देऊन बसलेले असत. कुठला नवाब रात्री कुणाला भेटला हे पुण्याला पोचायचं. इतका चौकस मुत्सद्दी काशीत वाडा बांधायला जागा निवडतो तर ती याच गल्ल्यांत, यात मला योगायोग दिसत नाही. मनुष्यबळ स्थानिकच मिळालं असतं.

शिवाय हिंदीतली ऐयारी याच शहरात जन्मली. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८च्या सुमारास काशीतून निघाली आणि ती वाचता यावी म्हणून माणसं हिंदी शिकली. गोपालराम गहमरींनी १९०० साली शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातून मासिक काढलं, त्याचं नावच ‘जासूस’. आमच्याकडं बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड पुढं आले, तेव्हा इथली मराठी मुलं दोन्ही भाषांतून बिघडत होती. खत्रींच्या ऐयाराकडं एक बटुआ असतो. त्यातून दोर निघतो, बेहोशीची पूड निघते, शुद्धीवर आणणारा लखलखा निघतो, बायकी वेष निघतो. स्मिथच्या पाठीवरची पिशवी ही त्या बटुव्याचीच विलायती मावशी. अडीच तास तिच्यातून सुरुंग निघत राहतात. झाडाला लावले, खांबाला लावले, जिन्याला लावले, केबल कारला लावले, तरी पिशवी आपली टरारलेली.

‘इतकं ओझं घेऊन दोरावर चढला?’ आत्यानं विचारलं. ‘आणि आमच्याकडं सिलिंडरवाला दुसऱ्या मजल्याचे वीस रुपये जास्त मागतो.’

पण मी पुढं गेलो. खरी गंमत पाचव्या-दहाव्या मिनिटालाच झाली. विमान उडतंय, मधेच मागची गोष्ट सांगतात. दोन वरिष्ठ अधिकारी कामगिरी समजावून देतायत, एक ॲडमिरल आणि एक कर्नल. आत्याला इंग्रजी येत नाही. पुतणी तिला हळू आवाजात सांगत होती. आत्यानं हात वर करून तिला थांबवलं आणि कर्नलकडं बोट दाखवलं.

‘हा फितूर आहे.’

मी गप्प. कारण कर्नल टर्नर हाच मुख्य फितूर, हे मॅक्लीननं शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवलंय. अडीच तास बर्फ, रक्त आणि सुरुंग यांच्या ढिगाखाली जे त्यानं पुरलं, ते आत्यानं बोरसीतला कोळसा सारखा करता करता उकरून काढलं.

‘कशावरून?’ मी विचारलं, आवाज शक्य तितका साधा ठेवून.

‘लग्नाच्या बैठकीत एक मामा असतो बघ. काही बोलत नाही, सगळ्यांच्या तोंडाकडं बघतो आणि चहा आला की आधी दुसऱ्याला देतो. ते लग्न मोडतं.’

यावर मॅक्लीननं काय करावं? बिचारा युद्धात ब्रिटिश आरमारात होता, पण लग्नाच्या बैठकीला बसलेला नसावा.

मग खानावळ. एका जर्मन कर्नलला स्मिथचा संशय येतो, तर स्मिथ त्याच्या कानाशी लागून आपण हिमलरचे भाऊ आहोत असं सांगतो. कर्नल पांढराफटक. विषय संपला! लहानपणी मला ही हुशारीची परमावधी वाटली होती. आता मी तोच संवाद मनातल्या मनात आमच्या गल्लीत घडवून बघितला. ‘मी हिमलर.’ ‘कोणते हिमलर? ब्रह्माघाटावरचे?’ ‘नाही, त्यांचे भाऊ.’ ‘सख्खे? मग आजोळ कुठलं म्हणायचं तुमचं?’ आणि स्मिथ गणवेशासकट घामाघूम. तिसऱ्या पिढीपर्यंत जायला आमच्याकडं एक विडा लागतो, आणि तोही पाहुण्याच्या पैशानं.

चित्रपटवाल्यांनाही हे कुठंतरी ठाऊक असावं. कारण मेरी नावाची ती हेर बाई खानावळीतल्या हायडीची मावसबहीण की कुणीतरी बनून गडावर कामाला लागते, तेव्हा तिला पकडतो तो पिस्तूल घेऊन नव्हे. गेस्टापोचा तो गोड बोलणारा मेजर फॉन हापेन तिला आपल्या गावच्या गप्पांत गुंतवतो. तुम्ही डुसेलडॉर्फच्या का? मग तो चौक आठवत असेल, ते मोठं चर्च? आणि नंतर त्याच्या डोक्यात लख्ख पडतं की चर्च चौकाच्या दुसऱ्या बाजूला आहे. एवढ्यावर सगळा बनाव ढासळायला येतो. आत्यानं पहिल्यांदाच पडद्यावरच्या माणसाला मान दिली. ‘हा कामाचा आहे,’ ती म्हणाली. पुढं तो गोळी लागून मेला तेव्हा तिनं चुकचुक केली, आणि नायकांच्या बाजूचे आम्ही तिघं उगाचच ओशाळलो.

भाषेचं तर विचारूच नये. चित्रपटातले सगळे जर्मन इंग्रजी बोलतात. जर्मन म्हणून आलेले इंग्रज इंग्रजी बोलतात. अमेरिकन ईस्टवुड अमेरिकन इंग्रजी बोलतो आणि ते अस्सल जर्मन आहे असं सगळे जर्मन मानून चालतात. इथे मला पुण्यात जाऊन चाळीस वर्षं झाली. संध्याकाळी मी पुतणीला म्हटलं, ‘टीव्ही लाव.’ आत्या स्वयंपाकघरातून: ‘तिकडं लावतात वाटतं. इथे खोलतात.’ नंतर मी ‘गर्दी’ म्हणालो, तर ती ‘भीड’ म्हणाली आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझी कागदपत्रं मागेल की काय. एका शब्दावर माणूस पकडणारी ही नजर गडावर पहाऱ्याला असती तर ते सातजण विमानतळावरच थांबले असते.

मग प्रश्न असा पडतो, की असल्या गल्ल्यांत गुपित राहतं कसं? राहतं. १९३०च्या कायदेभंगात ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांनी ‘रणभेरी’ नावाचं गुप्त पत्र काढलं. पराडकर इथलेच, काशीत जन्मलेले मराठी, हिंदी पत्रकारितेतलं केवढं मोठं नाव. पत्र छापलं जायचं, वाटलं जायचं, वाचलं जायचं आणि पोलिसांना मात्र छापण्याची जागा सापडायची नाही. ज्या शहरात मी कचोरी खाल्ल्याची बातमी माझ्याआधी घरी पोचते, तिथं यंत्राचा आवाज आणि शाईचा वास कुणालाच कळला नसेल? कळला असणार, शंभर घरांना कळला असणार. राजगुरूही संस्कृत शिकायला म्हणून काशीत राहिले, पक्षात ‘रघुनाथ’ नावानं वावरले. शेजारच्या विद्यार्थ्यांना काहीच दिसलं नसेल? गल्ली आपल्यात सगळं बोलते आणि परक्यानं विचारलं की रस्ता सांगते. तोही चुकीचा. स्मिथ आणि मंडळींचं तंत्र याच्या अगदी उलट. ते सुरुंग लावतात.

भाऊकाका इतका वेळ दबा धरून बसले होते, ते गडाच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरल्याबरोबर उठले.

‘थांबव. थांबव तिथंच.’

पुतणीनं थांबवलं.

‘हे बेल ४७ आहे. याचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५. युरोपातली लढाई मे महिन्यात संपली. म्हणजे हा जर्मन जनरल अजून न बनलेल्या हेलिकॉप्टरमधून आलाय.’

‘मग तो लढाई संपल्यावर आला असेल,’ आत्या म्हणाली. ‘उशीर झाला असेल.’

काकांना केबल कार मात्र मनापासून आवडली. बर्टन एका डब्याच्या टपावरून समोरून येणाऱ्या दुसऱ्या डब्यावर झेप घेतो तिथं त्यांनी दोनदा मागं घ्यायला लावलं. ती झेप बर्टनची नाही, आल्फ जॉइंट नावाच्या कसरतपटूची आहे, हे मी सांगितलं. गड म्हणून दिसतो तो ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन किल्ला, आणि केबल कार तिथली नाहीच, ती एबेनझेजवळच्या फॉयरकोगेल डोंगरावरची, हेही सांगितलं. म्हणजे हे लोक एका डोंगरावर डब्यात बसले आणि दुसऱ्या डोंगरावरच्या गडावर उतरले. बर्टनला म्हणे आपल्या मुलांना दाखवता येईल असा एखादा चित्रपट हवा होता, नायक शेवटी न मरणारा. ती अट सगळ्या जर्मन सैन्यानं पाळली. ईस्टवुड बोळकांडीत दोन हातांत दोन बंदुका घेऊन उभा राहतो आणि समोरून माणसं रेशनच्या रांगेसारखी एकामागून एक येत राहतात, आपला नंबर लागला की पडतात. हे मला आता हास्यास्पद वाटलं का? वाटलं. आणि तरी रॉन गुडविनचं ते ढोलांचं संगीत सुरू झालं की रजईतल्या रजईत माझा पाय ताल धरत होता. पायाचं वय अजून चौदाच आहे.

पण या चित्रपटाचा गाभा सुरुंगांत नाही. तो दिवाणखान्यातल्या प्रसंगात आहे. तिघे फितूर, जर्मन अधिकारी, सगळे बसलेत. स्मिथ अचानक सांगतो की आपण खरे जर्मन हेर, आणि हे तिघं तोतये. सिद्ध करा, म्हणतो. खरे असाल तर इंग्लंडातल्या आपल्या सगळ्या हेरांची नावं या वह्यांत लिहा. माझ्या वहीत खरी यादी आहे, ताडून बघू. तिघं घाम पुसत भराभरा लिहितात. सगळं लिहून झाल्यावर कळतं की स्मिथची वही कोरी होती.

मी ‘वाहवा’ म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो, तेवढ्यात आत्या वळली.

‘तू मघापासून पुढचं आधी सांगतोयस. पाहिलायस हा.’

‘पाहिलाय ना. पुण्यात.’

‘पुण्यात.’

‘हो. बहुतेक पुण्यातच.’

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. पडद्यावर ईस्टवुड कुणालातरी मारत होता, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

‘मला सगळं माहीत आहे रे,’ आत्या म्हणाली. अगदी मायेनं. ‘तेव्हाच कळलं होतं. आता तू सांगतोस, का मी सांगू?’

आणि मी सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी मला रामघाटावर गुरुजींकडं रुद्र शिकायला धाडत. त्या रविवारी महिन्याची दक्षिणा द्यायची होती, सव्वा रुपया, आत्यानंच पुडीत बांधून दिलेला. ती पुडी मी गोदौलियापलीकडच्या एका टॉकीजच्या खिडकीत सोडली. रुद्रातले अकरा अनुवाक मी पडद्यासमोर बसून पुरे केले. बरोबर कोण होतं तेही सांगितलं. तो आज मोठा प्रतिष्ठित गृहस्थ आहे आणि रुद्र पाठ असल्याबद्दलच प्रसिद्ध आहे. उरलेल्या पैशांचे शेंगदाणे घेतले, टरफलं पुरावा नको म्हणून पंचगंगेच्या पायऱ्यांवरून गंगेत सोडली, गंगाजलानं चूळ भरली, घरी येऊन ‘आज गुरुजींनी जास्त वेळ बसवलं’ असं सांगितलं. पुढच्या रविवारी गुरुजींना सांगितलं की वडील गावाला गेलेत. एकदा सुरू झालो तो थांबेना. बर्टन शिस्तीत चौकशी करतो. मी तर न विचारलेलंही लिहून दिलं.

भाऊकाका तोंड उघडं ठेवून ऐकत होते. ‘म्हणजे तेव्हा दादा ओरडला तो मला,’ ते म्हणाले, ‘सव्वा रुपया कुठं गेला म्हणून?’

पुतणीनं चित्रपट थांबवला होता. ‘आजी, तुला खरंच माहीत होतं?’

‘पुढं चालव,’ आत्या म्हणाली. ‘त्या मामाचं काय होतं ते बघायचंय मला.’

मामाचं जे व्हायचं ते झालं. विमानात स्मिथनं त्याच्यापुढं सगळं मांडलं आणि त्यानं छत्रीशिवाय उडी घेतली. आत्यानं समाधानानं मान हलवली आणि झोपायला गेली. वाजले होते साडेअकरा.

सकाळी साडेसहाला मला जाग आली ती दोरीच्या कुरकुरण्यानं. टोपली खाली जात होती. खिडकीशी आत्या पाठमोरी उभी होती, खाली दूधवाला, दोघांमधे धुकं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. टोपली वर आली तेव्हा तिच्यात दूध होतं आणि द्रोणभर मलइयो. ‘खा,’ आत्या म्हणाली. ‘पुण्यात मिळत नाही हा.’ तिला शंका असेल तेव्हा ती ‘पुण्यात’ या शब्दावर जोर देते. आज जोर नव्हता.

दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. पिशवी खांद्याला लावून गल्लीतून निघालो, कानटोपी, मफलर, सगळा सरंजाम. तोंडावरच्या पानवाल्यापाशी थांबलो. मगही पानांचा जोडा बांधायला सांगितला. त्यानं शांतपणे चुना लावला, कात लावला, सुपारी टाकली, विडा माझ्या हातावर ठेवला.

‘कितना हुआ?’

‘सवा रुपया,’ तो म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं.

‘पचास साल में आज पता चला, गुरू,’ तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं पान चुन्याला घेतलं.